साडेतीनशे किलोचं रंधा मशीन दोघांनी कसं हलवावं

मशीन हलवायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो : "चार पोरं बोलाव, हां हां म्हणता उचलू." हा विचार डोक्यातून काढून टाका. दहा बाय चौदाच्या खोलीत चार माणसांना मशीनभोवती नीट पाय रोवायलाच जागा नसते. एकाचा हात निसटला की सगळा भार दुसऱ्याच्या पायावर. माझं बारा इंची रंधा मशीन (लाकूड तासून सपाट करणारं) मोटारीसकट साधारण ३५० किलोचं आहे, आणि ते मी आणि माझा पुतण्या दोघंच हलवतो.

लागतं एवढंच : ५ फुटी पहार, एक इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाईपचे पाच तुकडे (लाल पट्टीचा सी क्लास घ्या, पातळ पाईप चेपतो), मशीनपेक्षा फूटभर लांब अशा ३ बाय २ इंची दोन लाकडी पट्ट्या, आणि अर्ध्या इंचापासून तीन इंचांपर्यंत वेगवेगळ्या जाडीचे ठोकळे. ठोकळे भरपूर हवेत, वीस तरी.

मेन बंद, वायर सोडवलेली, पट्टा उतरवलेला, पात्यांवर गोणपाट बांधलेलं, हे धरून चालतो.

वाट आधी तपासा. शहाबादी फरशी असेल तर हातोडीच्या दांड्याने एकेक फरशी ठोकून ऐका. घुमल्यासारखा आवाज आला की खाली पोकळ आहे. तिथे १८ मिमीचा प्लायवुड अंथरा.

आता उचलणं. पहार नेहमी खालच्या बैठकीला लावा, टेबलाला कधीही नाही. रंध्याची दोन्ही टेबलं उतरत्या खाचांवर बसलेली असतात. तिथून जोर दिला तर त्यांची पातळी बिघडते आणि पुढे फळी सरळ निघत नाही. पहारीच्या टोकापासून ४ इंचांवर सागाचा किंवा बाभळीचा टेकू द्या. मागे ५६ इंच उरतात, म्हणजे जोर चौदा पट. मशीनची एक बाजू १७५ किलोची धरली तर हाताला साडेबारा किलोच लागतात. टेकूला वीट घेऊ नका. वीट भाराखाली अचानक फुटते.

एक बाजू इंचभर उचला, ठोकळा सरकवा, मग दुसरी बाजू. जेवढं उचललं तेवढं लगेच भरायचं. ठोकळा हाताने आत ढकलायचा नाही, काठीने ढकलायचा. साडेतीन इंच उंची मिळाली की खाली पाईप, त्यांवर पट्ट्या, त्यांवर मशीन.

ढकलणं सोपं. जोर खालून, बैठकीजवळ लावा. पाईप एक फूट फिरला की मशीन दोन फूट पुढे जातं, म्हणून मागचा पाईप लवकर सुटतो. तो उचलून पुढे टाका, पण खाली कायम तीन असू द्या. वळवायचं तर पुढचा पाईप हातोडीने तिरका करा.

खरा घात होतो उतरवताना. जागेवर पोचलो की माणूस सैल पडतो. पहिल्या वेळी मीही पडलो. शेवटची बाजू पहारीवर धरली होती, पुतण्याला म्हटलं, "ओढ पाईप." खाली एकही ठोकळा नव्हता. पाईप निघाला, त्याच क्षणी पहारीचं टोक सटकलं आणि मशीन दीड इंचावरून खाली बसलं. आवाज अजून कानात आहे. बैठकीचा बोल्ट बसतो तो कान मुळापासून तुटला. पुतण्याचा हात तेवढ्यात बाहेर आला होता, त्याबद्दल मी आजही देवाचे आभार मानतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वाकत नाही, थेट तुटतं. तो कान वेल्डिंग करून घेतला, तो हादऱ्यांनी पुन्हा चिरला. शेवटी लोखंडी पट्टी बसवून घ्यावी लागली.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. पाईप काढण्याआधी बैठकीच्या चारही कोपऱ्यांखाली ठोकळे रचायचे, मशीन आत्ता आहे त्यापेक्षा फक्त अर्धा इंच कमी उंचीचे. मग बाजू केसभर उचलायची, पाईप आणि पट्टी काढायची. काही चुकलंच तर मशीन अर्धा इंचच पडेल. पुढे एकेका बाजूचा अर्धा इंच कमी करत उतरायचं. दोन्ही बाजूंत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक पडू द्यायचा नाही. शेवटच्या पातळ ठोकळ्याला आधीच सुतळी बांधा आणि तो लांबून ओढा. या वेळी बोलायचं एकट्यानेच, पहार धरणाऱ्याने. त्याने "काढ" म्हटल्याशिवाय दुसऱ्याने काही काढायचं नाही.

"खाली चाकंच लाव" असंही सांगतात. बँडसॉला किंवा ड्रिलला लावा, रंध्याला नको. फळी रेटताना मशीन हलतं. चाकं घेताना एकूण वजनाला चारने नाही, तीनने भागा. उंचसखल फरशीवर एक चाक बहुधा अधांतरीच असतं.

जागेवर बसल्यावर टेबलावर लेव्हल आडवी-उभी ठेवून पायांखाली पत्र्याचं पॅकिंग द्या. थ्री फेज असेल तर पट्टा चढवण्याआधी मोटार क्षणभर चालू करून फिरण्याची दिशा बघा. उलटी फिरत असेल तर मेन बंद करून तीनपैकी कुठल्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल करा, मगच पट्टा चढवा.