‘सॉरी म्हण’ने भांडण मिटत नाही: वर्गात या चुका टाळा

वर्गात भांडण झालं की ‘सॉरी म्हण, हात मिळव, बस जागेवर’ हे तीन हुकूम मी आजही शाळाशाळांतून ऐकते आणि दरवेळी पोटात कालवतं. मीही वर्षानुवर्षं हेच करत होते.

चाळीसगाव तालुक्यात तांड्यावरच्या शाळेत होते तेव्हाची गोष्ट. दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला गेल्या की निम्मा तांडा रिकामा होतो, मागे म्हातारी माणसं आणि काही लेकरं राहतात. तिसरीतल्या एका मुलीने गुरुवारी बाकावरच्या मुलाला स्टीलची पट्टी मारली. भुवईच्या वर लाल वळ उठला. मी दोघांना समोर उभं केलं आणि ‘सॉरी’ म्हणायला लावलं. तिने खाली बघून म्हटलं, त्याने हात पुढे केला, मी फळ्याकडे वळले. सगळं मिळून अर्धा मिनिट. दुसऱ्या दिवशी पोरगी आली नाही. शनिवारीही नाही.

मी खिचडी शिजवणाऱ्या मावशींना घेऊन तिच्या घरी गेले. आजी ओट्यावर बसली होती. तिने सांगितलं, ऊसतोडीचा ट्रक रविवारी गेला, निघताना याडीने, म्हणजे आईने, पोरीची वेणी घातली होती. तेव्हापासून पोरीने वेणीला कुणाला हात लावू दिला नव्हता. तशीच झोपायची, तशीच शाळेत यायची. गुरुवारी त्या मुलाने खोडी म्हणून रिबीन ओढली आणि वेणी सुटली. त्यावर मी तिच्याकडूनच माफी मागून घेतली होती.

म्हणून आता माझी रीत वेगळी आहे. आधी ज्याला लागलंय त्याचं बघायचं: गार पाण्याची पट्टी, हळद, जे असेल ते. मग दोघांना लांब बसवायचं, पाणी प्यायला द्यायचं आणि तापलेल्या डोक्याला काहीही विचारायचं नाही. खिचडी झाल्यावर एकेकाला व्हरांड्यात बोलवायचं. ‘का मारलंस?’ विचारलं की मूल गप्प होतं किंवा खोटं बोलतं. मी ‘त्याच्या आधी काय झालं?’ असं विचारते. शेवटी, ‘आता त्याच्यासाठी तू काय करशील?’ उत्तर त्याच दिवशी आलं नाही तरी चालतं. नव्या शिक्षकांना इथेच घाई होते. त्यांना घंटेच्या आत निकाल हवा असतो, त्यामुळे वर्ग शांत होतो, पण भांडण तसंच राहतं.

दुसरी चूक भावनांच्या तक्त्याची. प्रशिक्षणातून आलं की भिंतीवर हसरा, रडका, रागीट असे चेहरे लागतात आणि रोज परिपाठात ‘सांगा, आज कसं वाटतंय?’ सुरू होतं. चाळीस पोरांसमोर कोण सांगणार की रात्री बाप पिऊन आला? सगळे ‘छान’ म्हणतात, शिक्षक वहीत नोंद करतात. त्यात भाषा पुस्तकी. घरी अहिराणी बोलणारं लेकरू ‘मला असुरक्षित वाटतंय’ असं कधीच म्हणणार नाही. ‘माले भ्याव वाटस’ हे त्याचं वाक्य, आणि ते शुद्ध करायला गेलात की पुन्हा ऐकायला मिळणार नाही. सातपुड्यातल्या पावरी-भिली बोलणाऱ्या मुलांचंही तेच. मी तक्ता काढून टाकला. शब्द मुलांकडून आणि त्यांच्या आज्यांकडून गोळा केले. दारात उभी राहून हजेरीआधी प्रत्येकाकडे बघते. ज्याचा चेहरा उतरलेला दिसतो त्याला खडू आणायला पाठवते आणि परतताना चार पावलं त्याच्याबरोबर चालते. एवढ्यात पुष्कळ कळतं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

कॅसल या अमेरिकी संस्थेच्या सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या आराखड्यात पाच कौशल्यं आहेत: आत्मजाणीव, आत्मनियमन, इतरांची जाणीव, नातेसंबंध आणि जबाबदार निर्णय. एका आठवड्याला एक असं उरकू नका. एका खो-खोच्या डावात पाचही असतात.

सगळं शाळांमधल्या ‘आनंददायी शनिवार’ उपक्रमावर ढकलू नका. राग मंगळवारीही येतो.

‘पोरगा असून रडतो?’ हे वाक्य कायमचं सोडा.

शहाण्या मुलांना चांदण्या चिकटवू नका. पोरं चांदणीसाठी शहाणी वागतात, पाठ वळली की संपलं.

खेळाचा तास काढून घेणं ही शिक्षा नको. ज्याला राग आवरत नाही त्यालाच मैदानाची जास्त गरज असते.

वर्गासमोर नाव घेऊन लाजवणं ही शिस्त नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही बंद केला आहे. छडी टाकली, पण जीभ तशीच ठेवली, असे वर्ग मी पाहिले आहेत.

कुणी म्हणतं, २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आलं म्हणून हे भावनांचं शिक्षण नवं खूळ. खानदेशात तरी हे म्हणू नका. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत होते आणि वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणं-पांघरुणं, कपडे स्वतः नीट करून ठेवत. त्यांनी उपदेश नंतर केला, आधी पांघरूण घडी केलं. मला तोच क्रम बरोबर वाटतो.

ती मुलगी सोमवारी आली. वेणी मावशींनी घालून दिली होती, तिला विचारून. त्या वर्षापासून दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवते: कोण आजीकडे, कोण काकाकडे, कोण हंगामी वसतिगृहात, कुणाचे आईवडील कुठल्या कारखान्यावर, आणि त्यांचा फोन किती वाजता लागतो. बहुतेकांचा रात्री आठनंतर लागतो. ते बोलणं मी मुलाच्या हातात फोन देऊन करवते आणि आपण बाजूला होते.