सरकारी मदतीच्या पैशातून वादळात टिकणारे छप्पर कसे बांधावे

वादळात घर पडले तर फोटो काढल्याशिवाय पडलेली कौले-वासे हलवू नयेत आणि तलाठ्याकडून पंचनाम्याची नक्कल अवश्य मागून घ्यावी. मदतीची रक्कम थेट खात्यावर जमा होते. केंद्राच्या २०२२ च्या निकषांनुसार पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० रुपये, तर किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये मिळतात. राज्य सरकार प्रसंगी त्यात भर घालते, २०२० च्या निसर्ग वादळानंतर घातलीही होती. तरीही एवढ्यात सगळे घर उभे राहत नाही. म्हणून पैसा आधी छप्पर भिंतींना आणि पायाला घट्ट जखडण्यात घालावा आणि उरेल त्यात पत्रा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जाड पत्र्याची शिफारस करणाऱ्या दुकानदाराचे ऐकू नये.

वादळी वारा छपराला वर ओढतो, आणि ही ओढ कडा, कोपरे व आढ्यापाशी सर्वांत जास्त असते. वाऱ्याच्या बाजूचे दार उघडले गेले की आत शिरलेली हवा छपराला खालूनही रेटते. आपल्याकडे कोकणात चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) भिंतीवर वासे नुसते टेकवलेले असतात. पत्रे वाशांना घट्ट धरलेले आणि सगळा सांगाडाच उचलून पोफळीच्या बागेत पडलेला, असे मी किनाऱ्यावर पाहिले आहे. पत्रा, रीप, वासा, भिंत आणि पाया यांतला एक सांधा कच्चा राहिला, तरी बाकीचा खर्च वाया जातो.

वासा आणि भिंत यांचा सांधा हाच खरा अवघड. तो साधायला मलाही वेळ लागला. माथ्यावरचे सैल चिरे काढून सिमेंटच्या मालात पुन्हा बसवावेत आणि चारही भिंतींवरून सलग फिरणारा आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीटचा) पट्टा ओतावा. त्याच्या सळ्या कोपऱ्यात तोडू नयेत, वळवून पुढच्या भिंतीत न्याव्यात. कोपऱ्यांतून उभी सळी पायापर्यंत उतरवावी, नाहीतर पट्ट्यासकट छप्पर उचलले जाण्याची भीती राहते. प्रत्येक वाशाच्या जागी दोरी धरून खूण करावी, वासा धरून ठेवणारा नांगर-बोल्ट (अँकर बोल्ट) पट्ट्याच्या रिंगांना, म्हणजे सळ्यांभोवतीच्या कड्यांना, बांधावा, आटे प्लास्टिकने गुंडाळावेत आणि मगच काँक्रीट ओतावे. ‘नंतर ड्रिलने भोक पाडून लावू’ असे गवंडी हमखास म्हणतो. त्याला ठाम नकार द्यावा, कारण अरुंद पट्ट्यात नंतर ठोकलेला बोल्ट कडेचे काँक्रीट फोडतो आणि ओढ आली की उपटून येतो.

खाऱ्या हवेत सळी आतून गंजते व काँक्रीट फुगून सुटते. भारतीय मानक ४५६ नुसार उघड्या किनारी हवेत सळीवर काँक्रीटचे ४५ मिलिमीटर आवरण हवे, आणि मिस्त्री निम्मे ठेवून मोकळा होतो. म्हणून ओतण्याआधी स्वतः पट्टी लावून मोजावे. न धुतलेली खाडीची वाळू वापरू नये. बोल्ट, हुक आणि वायसर जस्ताचा मुलामा दिलेलेच घ्यावेत.

पत्रे बसवणे सोपे आहे. कडेला व आढ्याजवळ हुक दाट लावावेत, एवढेच. पागोळी, म्हणजे छपराची कड, भिंतीपासून अर्ध्या मीटरहून पुढे काढू नये आणि पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवावे, म्हणजे पडवी गेली तरी घर उघडे पडत नाही. पत्र्यावर चिरे किंवा वाळूची पोती ठेवण्याचा सल्ला गावोगाव मिळतो, पण पत्रा उचलला गेला की तेच चिरे माणसांच्या अंगावर येतात.