मामाजींना हेडफोन, बाकीच्यांना स्पीकर

नवतपा लागला की आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरात डेझर्ट कूलर दिवसभर धडधडत असतो. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तसंही कमी ऐकू येतं. दर दोन मिनिटांनी "सूनबाई, काय म्हणून राहिला तो?" असं विचारतात, की कोणीतरी टीव्हीचा आवाज वाढवतं, आणि सासूबाई कपाळ धरून आतल्या खोलीत निघून जातात. मामाजींना हेडफोन दिला तर स्पीकर बंद होतो, मग सासूबाईंची मालिका मुकी. दोन्ही एकदम चालायला हवं होतं. ते जमतं, आणि त्यासाठी नवा टीव्ही घ्यावा लागत नाही.

टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात पिन घातली की स्पीकर बंद होतो, तो मुद्दाम तसा केलेला असतो. जुन्या सेटमध्ये भोकाच्या आतच बारीक स्विच असतो. नव्यांत पिन आल्याचं टीव्हीला कळतं आणि तो स्वतःच स्पीकर बंद करतो. पिन अर्धवट घालून ठेवा असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. एकाच कानात आवाज येतो आणि पुढे भोक ढिलं होतं.

आधी फुकटचा उपाय. रिमोट घेऊन आवाजाच्या सेटिंगमध्ये शिरा. सोनीच्या बऱ्याच मॉडेलांत 'हेडफोन स्पीकर लिंक' असतं, ते बंद केलं की पिन लावूनही स्पीकर चालू राहतो. एलजीच्या अनेक सेटवर 'साउंड आउट'मध्ये वायर्ड हेडफोन आणि टीव्ही स्पीकर एकत्र निवडता येतात. सॅमसंगच्या नव्या सेटवर ही सोय ॲक्सेसिबिलिटीत 'मल्टी-आउटपुट ऑडिओ' नावाने सापडते, पण ती ब्लूटूथ हेडफोनसाठी आहे. यातलं काही निघालं तर पुढचं वाचायची गरजच नाही.

आमच्या सेटमध्ये यातलं काहीच नव्हतं. त्यामुळे मी आवाज टीव्हीतून न घेता सेटटॉप बॉक्समधून घेतला, आणि मला विचाराल तर डिश किंवा केबल असलेल्या घरी हाच सगळ्यांत सोपा मार्ग. बॉक्स टीव्हीला एचडीएमआयने जोडलेला असला तरी मागचं एव्ही आउट बहुतेक बॉक्सांत चालूच असतं. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची ती जुनी वायर कपाटात पडलेली असेल, ती काढा. एक टोक बॉक्सला लावा. दुसऱ्या टोकाची पिवळी पिन चित्राची, ती मोकळीच राहू द्या. लाल आणि पांढरी आपल्या कामाच्या.

काही बॉक्सांना तीन भोकांऐवजी हेडफोनसारखं एकच भोक असतं. त्यात हेडफोन थेट खुपसू नका. त्या भोकातल्या एका कडीवर चित्राचा सिग्नल असतो, कानात नुसती घरघर येईल. बॉक्ससोबत आलेलीच वायर वापरा.

आता बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जाऊन दुकानदाराला सांगा, "दोन आरसीए फीमेल, पुढे ईपी फीमेल." ईपी म्हणजे आपली साडेतीन एमएमची हेडफोन पिन, तिकडे सगळे तिला ईपीच म्हणतात. या जोडाच्या एका बाजूला लाल-पांढरी लागते, दुसऱ्या बाजूला हेडफोन. वायर टीव्हीपासून खुर्चीपर्यंत पुरायला हवी, म्हणून एक लांब एक्स्टेन्शनही घ्या.

एव्ही आउटचा आवाज हेडफोनसाठी जरा अशक्त असतो. चांगल्या कानाच्या माणसाला चालेल, मामाजींना चालला नाही. मध्ये हेडफोनचा छोटा ॲम्प्लिफायर बसवला. त्याला आवाजाचं बटण असतं आणि तो टीव्हीच्या यूएसबीवर चालतो, म्हणजे टीव्हीबरोबर सुरू आणि टीव्हीबरोबर बंद. मग बॉक्सच्या रिमोटने आवाज जवळपास पूर्ण ठेवायचा, खोलीचा आवाज टीव्हीच्या रिमोटने कमी-जास्त करायचा, आणि मामाजींनी आपलं बटण आपण फिरवायचं. रिमोट कोणाच्या हातात, हे भांडण तिथेच मिटलं. त्यांच्या बटणावर मात्र नजर असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास, ही मोठ्या माणसाची मर्यादा आहे.

टीव्हीतल्याच यूट्यूबवर किंवा ॲपवर काही पाहत असाल तर बॉक्सचा उपयोग नाही, कारण तो आवाज बॉक्समधून जातच नाही. तेव्हा टीव्हीमागचं ऑप्टिकल आउट शोधा. झाकण काढलं की आत लाल उजेड दिसतो. त्याला डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर लावायचा आणि पुढे तोच ॲम्प्लिफायर, तोच हेडफोन. सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर ठेवा. डॉल्बीवर राहिलं तर साधा कन्व्हर्टर गप्प बसतो किंवा खरखरतो. काही टीव्ही ऑप्टिकल निवडला की स्पीकर बंद करतात, म्हणून खरेदीआधी सेटिंग पाहून घ्या.

ब्लूटूथबद्दल माझं मत वाईट आहे. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाने उशिरा पोचतो. एकटे पाहत असाल तर टीव्ही चित्र थोडं मागे ठेवून सांभाळून घेतो. पण इथे स्पीकरही चालू आहे. खोलीतला आवाज आधी, कानातला नंतर, आणि प्रत्येक वाक्य गणपतीच्या मांडवातल्या भोंग्यासारखं दोनदा. क्रिकेटच्या कॉमेंट्रीत तर जीव नकोसा होतो. वायर नकोच असेल तर 'ॲप्टेक्स लो लेटन्सी'चा, म्हणजे कमी उशीर करणाऱ्या ब्लूटूथचा ट्रान्समीटर घ्या, पण हेडफोनलाही तेच हवं, एकाला असून भागत नाही. त्यापेक्षा रेडिओ लहरींवर चालणारे टीव्हीचे खास हेडफोन येतात. त्यांत असा उशीर जाणवत नाही, आणि चार्जिंगचा स्टँड सोबत असल्याने म्हाताऱ्या माणसाला सोपे जातात.

टीव्हीला हेडफोनच्या भोकाशिवाय काहीच नसेल तर त्यातच वाय-आकाराचा स्प्लिटर लावा. एका फाट्यावर हेडफोन, दुसऱ्यावर कॉम्प्युटरचे विजेवर चालणारे जुने स्पीकर. टीव्हीचा स्पीकर बंद राहिला तर राहू द्या.

वायर ओढताना ती भिंतीच्या कडेने न्या, आणि जोड कधीच जमिनीवर ठेवू नका. आपल्याकडे कूलर पाणी सोडतो, आणि भरणारा बादली सांडतो ती वेगळी. आमचा जोड टीव्हीच्या स्टँडला मागून दोरीने बांधलेला आहे.