साइन ४०° ची किंमत हाताने कशी काढावी: टेलर श्रेणीचा वापर

बहुपदीची किंमत काढायला बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार पुरतात. साइन किंवा लॉगॅरिदमच्या बाबतीत तसे होत नाही. म्हणून अशा फलनाच्या जागी, एखाद्या बिंदूच्या आसपास त्याच्याशी जुळणारी बहुपदी घेतात. येथे साइन ४०° ची किंमत काढू आणि त्रुटी ०.००००५ पेक्षा कमी ठेवू. ही मर्यादा सर्वांत आधी ठरवावी, कारण किती पदे घ्यायची हे तिच्यावरच अवलंबून असते. ‘पहिली चार पदे घ्या’ अशा धर्तीच्या प्रश्नांमुळे विद्यार्थ्यांना नेमकी उलटी सवय लागते.

प्रथम कोन रेडियनमध्ये आणावा: ४० × π ÷ १८० = ०.६९८१३. ही पायरी गाळता येत नाही, कारण साइनचा विकलज (म्हणजे बदलाचा दर) कोसाइन असतो हा नियम कोन रेडियनमध्ये असेल तरच खरा ठरतो.

त्यानंतर केंद्र, म्हणजे ज्याच्या आसपास बहुपदी जुळवायची तो बिंदू, निवडावे. ज्या बिंदूपाशी फलनाची आणि त्याच्या विकलजांची किंमत अचूक माहीत आहे असाच बिंदू केंद्र म्हणून चालतो. सर्वांत सोपा बिंदू शून्य. आता बहुपदी अशी हवी की केंद्रापाशी तिची किंमत, तिचा पहिला विकलज, दुसरा विकलज आणि पुढचेही फलनाशी तंतोतंत जुळावेत. क्षच्या तिसऱ्या घाताचे तीनदा विकलन केले की ३ × २ × १ म्हणजे ६ उरतात, म्हणून तिसऱ्या विकलजाच्या किमतीला ६ ने भागले की त्या पदाचा सहगुणक मिळतो. पाचव्या घातासाठी भाजक १२०, सातव्यासाठी ५०४०. शून्यापाशी साइनचे विकलज ०, १, ०, −१ या क्रमाने फिरत राहतात आणि श्रेणी अशी होते:

साइन क्ष = क्ष − क्ष³/६ + क्ष⁵/१२० − क्ष⁷/५०४० + …

(ही पद्धत ब्रूक टेलरच्या १७१५ मधील ग्रंथामुळे त्याच्या नावाने ओळखली जाते, मात्र साइनची ही श्रेणी केरळातील संगमग्रामच्या माधवाला चौदाव्या शतकाच्या सुमारासच अवगत असल्याचे मानले जाते.)

किमती भरल्यावर पहिले पद ०.६९८१३, दुसरे ०.०५६७१, तिसरे ०.००१३८ आणि चौथे ०.००००१६ येते. पदांची चिन्हे आलटून पालटून येतात आणि पदे सतत लहान होत जातात, तेव्हा गाळलेल्या पहिल्या पदापेक्षा त्रुटी मोठी असू शकत नाही. चौथे पद आपल्या मर्यादेच्या आत असल्यामुळे तीन पदांवर थांबता येते: ०.६४२८०. प्रत्यक्ष किंमत ०.६४२७९ आहे.

अचूकता वाढवायची तर पदे वाढवण्याआधी केंद्र बदलून पाहावे, असे माझे मत आहे. ४५° हे केंद्र घेतले तर अंतर केवळ ५°, म्हणजे ०.०८७२७ रेडियन उरते. ४५° ला साइन आणि कोसाइन दोन्ही ०.७०७१०७ असल्यामुळे तिसऱ्या कोटीपर्यंतची, म्हणजे तिसऱ्या घातापर्यंतची, बहुपदी अशी होते:

०.७०७१०७ × (१ − ०.०८७२६६ − ०.००३८०८ + ०.०००१११) = ०.६४२७८६

येथे चिन्हांचा आधीचा नियम लागू पडत नाही, म्हणून त्रुटीची हमी शेष पदावरून, म्हणजे बहुपदी आणि फलन यांतील फरकावरून, घ्यावी. साइनचा कोणताही विकलज १ पेक्षा मोठा होत नाही, त्यामुळे शेष पद अंतराचा चौथा घात भागिले २४, म्हणजे सुमारे ०.०००००२४ पेक्षा जास्त असू शकत नाही. शून्याभोवतीच्या पाचव्या कोटीच्या बहुपदीपेक्षा ही तिसऱ्या कोटीची बहुपदी सरस ठरली.

साइनची श्रेणी क्षच्या प्रत्येक किमतीला अभिसारी असते, म्हणजे पदे वाढवत गेल्यास बेरीज एका ठरावीक किमतीकडे जाते. सर्वच फलनांची तशी नसते. (१ + क्ष) च्या नैसर्गिक लॉगॅरिदमची श्रेणी क्ष − क्ष²/२ + क्ष³/३ − … अशी आहे आणि ती क्ष −१ पेक्षा मोठा व जास्तीत जास्त १ असेल तरच उपयोगी पडते. लॉगॅरिदम ३ साठी क्ष = २ घातल्यास पदे वाढतच जातात, कितीही पदे घेतली तरी उत्तर हाती येत नाही. अशा वेळी ३ ही संख्या (१ + ½) ÷ (१ − ½) अशी लिहावी. दोन्ही श्रेणींची वजाबाकी करताना सम घात निघून जातात आणि २ × (½ + ½³/३ + ½⁵/५ + …) एवढेच उरते. कंसातील पाच पदांत १.०९८५ मिळते; प्रत्यक्ष किंमत १.०९८६ आहे.