हाडं, सांधे, स्नायू आणि आपलं संशोधन: फिजिओथेरपीत नव्याने येणाऱ्यांसाठी

डिझर्टेशनचा, म्हणजे पदवीसाठीच्या संशोधनाचा टॉपिक ठरवायला येणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात आधी उपचार असतो. टेपिंग, ड्राय नीडलिंग, नाहीतर एखादं नवं मशीन. मी त्यांना आधी एवढंच विचारते: मोजणार काय, कशाने, आणि कोण मोजणार? याची उत्तरं तयार असतील तर उपचार साधा असला तरी अभ्यास उभा राहतो. ती नसतील तर कितीही भारी उपचार निवडा, शेवटी हातात काही लागत नाही.

गुडघ्याचं फ्लेक्शन, म्हणजे तो किती वाकतो ते घ्या. गोनिओमीटरचा (सांध्याचा कोन मोजायच्या दोन दांड्यांच्या साधनाचा) मध्य फीमरच्या, म्हणजे मांडीच्या हाडाच्या लॅटरल एपिकॉन्डाइलवर (गुडघ्याजवळचा बाहेरचा उंचवटा), स्थिर दांडी ग्रेटर ट्रोकँटरच्या (खुब्याजवळचा उंचवटा) दिशेला, हलती दांडी लॅटरल मॅलिओलसकडे (घोट्याचं बाहेरचं हाड). पुस्तकात एका ओळीत संपतं. प्रत्यक्षात जाड मांडीवर ट्रोकँटर बोटांना सापडत नाही, पेशंट नकळत कंबर उचलतो आणि तिसऱ्या वेळेपर्यंत सांधा थोडा सैल होऊन आकडा वाढतो. हाताने मोजताना साधारण ५ अंशांची चूक गृहीतच धरावी लागते. मग उपचारानंतर ४ अंश वाढले, तर वाढलं काय, सांधा की आपला हात? म्हणून पेशंट घेण्याआधी दोघांनी मिळून एकमेकांचे आकडे न बघता निरोगी गुडघे मोजा आणि ते किती जुळतात ते पाहा. वॉर्म-अप, पेशंटची स्थिती, दिवसाची वेळ आधीच ठरवून लिहून ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण मला यातच खरी गोडी वाटते. आपल्या बोटांवर विश्वास कधी ठेवायचा ते इथे कळतं.

दुसरी गोष्ट कंट्रोल ग्रुपची, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या, तो उपचार न दिलेल्या गटाची. नुकतीच सुरू झालेली कंबरदुखी काही आठवड्यांत बऱ्याच जणांची आपोआप कमी होते. शिवाय माणूस दवाखान्यात येतो तोच दुखणं टोकाला गेल्यावर; तिथून ते पुष्कळदा उतरतंच. त्यामुळे एकाच गटाला उपचार देऊन आधीचे आणि नंतरचे आकडे मांडले, की जवळजवळ प्रत्येक उपचार गुणकारी दिसतो. गुडघ्याच्या आर्थ्रोस्कोपीवरचा (छोट्या छेदातून दुर्बिणीने केलेल्या शस्त्रक्रियेवरचा) २००२ सालचा अभ्यास प्रत्येकाने मुळातून वाचावा. ऑस्टिओआर्थ्रायटिसचे, म्हणजे सांध्याच्या झिजेचे १८० पेशंट होते. काहींना फक्त त्वचेवर छेद देऊन आर्थ्रोस्कोपी केल्याचा आभास निर्माण केला होता. दोन वर्षांनी खरी शस्त्रक्रिया झालेले आणि नुसता आभास झालेले यांच्या वेदनेत फरक नव्हता. शस्त्रक्रियेची ही गत असेल, तर आपल्या उपचाराच्या अल्ट्रासाऊंडला (ध्वनिलहरींच्या शेकाला) वेगळा न्याय कसा लावणार?

व्यायामाच्या अभ्यासात कोण कुठल्या गटात आहे हे पेशंटपासून किंवा थेरपिस्टपासून लपवता येत नाही, हे खरं. पण मोजणाऱ्यापासून लपवता येतं, आणि ते जमवाच. पेड्रो हा १९९९ पासून सुरू असलेला आपल्या क्षेत्राचा डेटाबेस आहे. त्यात उपचारांच्या चाचण्यांना पद्धत किती काटेकोर आहे त्यावरून १० पैकी गुण देतात. व्यायामाच्या चाचणीला तिथे ८ मिळाले तर ते उत्तमच समजा, कारण उरलेले दोन गुण याच न लपवता येणाऱ्या गोष्टींचे असतात.

उपचार लिहिताना ‘स्ट्रेंग्थनिंग दिलं’ असं लिहून मोकळं होऊ नका. टाचेच्या अकिलीस टेंडनसाठीचा एक्सेंट्रिक व्यायाम (स्नायू ताणला जात असताना जोर लावायचा) १९९८ च्या एका छोट्या अभ्यासातून जगभर पसरला. त्या गटात फक्त १५ जण होते आणि गट रँडमाइज केलेले, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेले नव्हते, त्यामुळे त्यावरून परिणामाची खात्री देता येत नाही. पण डोस मात्र स्वच्छ लिहिलेला होता: पायरीच्या कडेवर टाच खाली नेणं, गुडघा सरळ आणि वाकवून, प्रत्येकी १५ चे ३ सेट, दिवसातून दोनदा, रोज, १२ आठवडे. म्हणूनच इतरांना तो जसाच्या तसा करून तपासता आला. तुमची पद्धत वाचून अनोळखी थेरपिस्टला उद्या सकाळी तोच व्यायाम देता आला पाहिजे.

एमआरआयला मुख्य मोजमाप करायचा मोह टाळा. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर लोकांच्या स्कॅनचे अहवाल एकत्र केले होते. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या डिस्कमध्ये झीज दिसली. पेशंटला जिना चढता येतो का, रात्री कुशीवर झोपता येतं का, हे त्याच्यासाठी महत्त्वाचं. त्यासाठी ओस्वेस्ट्री (कंबर), कूस (गुडघा), स्पाडी (खांदा) अशा तपासून घेतलेल्या प्रश्नावल्या आहेत.

आकडेवारीत ‘पी’ (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली आला म्हणून लगेच खूश होऊ नका. ० ते १० च्या वेदनामापनात सरासरी अर्ध्या गुणाचा फरक मोठ्या सॅम्पलमध्ये सहज ‘सिग्निफिकंट’ ठरतो. जुनाट दुखण्यात पेशंटला स्वतःला फरक जाणवतो तो साधारण २ गुणांनी किंवा ३० टक्क्यांनी वेदना उतरली की. सॅम्पल साईझ काढताना हाच फरक धरा.

एथिक्स कमिटीची परवानगी आणि चाचणीची नोंदणी, दोन्ही पहिला पेशंट घेण्याआधी. यात सवलत नाही.

आणि मधेच यायचे बंद झालेले पेशंट. त्यांची नावं गाळून विश्लेषण करणं सोपं असतं, पण तसं करू नका. ज्या गटात घातलं त्याच गटात मोजा. त्यांना फोन करा. एकजण बरं वाटलं म्हणून येत नसतो, दुसऱ्याचा खांदा व्यायामानंतर रात्रभर ठणकलेला असतो. न येण्याचं कारण विचारून ते त्याच्याच शब्दांत तारखेसह नोंदवहीत लिहा, आणि शेवटचं मोजमाप तरी देऊन जा अशी विनंती करा. व्यवस्थित विचारलं तर बरेच जण येतात.