अर्व्हिंग पेन यांच्या पद्धतीने पोशाखाचे छायाचित्र कसे काढावे

अमेरिकन छायाचित्रकार अर्व्हिंग पेन (१९१७–२००९) ‘व्होग’ या फॅशन मासिकात दाखल झाले ते छायाचित्रकार म्हणून नव्हे. चित्रकार होण्याच्या ओढीने मेक्सिकोत जाऊन आलेल्या पेन यांना कलासंचालक अलेक्झांडर लिबरमन यांनी १९४३ मध्ये मुखपृष्ठांच्या कल्पना सुचवण्यासाठी नेमले. मात्र त्यांची रेखाटने तिथल्या छायाचित्रकारांना रुचेनात, तेव्हा लिबरमन यांनीच त्यांना स्वतः कॅमेरा हाती घेण्यास सांगितले. त्यांच्या पहिल्या मुखपृष्ठावर मॉडेल नव्हती. चामड्याची पिशवी, हातमोजे, संत्री आणि लिंबे यांची मांडणी होती. त्यांच्या मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्याने म्हणूनच आधी कागदावर चौकट आखावी, पोशाखाची बाह्यरेषा त्या चौकटीत कुठे बसेल ते ठरवावे आणि मगच कॅमेरा काढावा.

यानंतर पार्श्वभूमीची निवड करावी. १९५० मध्ये पॅरिसच्या नव्या पोशाखांची छायाचित्रे पेन यांनी एका जुन्या छायाचित्रण-शाळेच्या वरच्या मजल्यावर, नाट्यगृहाचा जुना पडदा टांगून काढली आणि तोच पडदा पुढे आयुष्यभर वापरला. आपण चकाकी नसलेले, राखाडी छटेचे जाड सुती कापड घ्यावे. त्यावर थोडे फिके-गडद डाग असतील तर उत्तमच. मॉडेलला त्यापासून पाच-सहा फूट पुढे उभे करावे, म्हणजे सावली कापडावर पडत नाही.

प्रकाश एकाच बाजूने, शक्यतो उत्तरेकडील मोठ्या खिडकीतून घ्यावा. न्यूयॉर्क किंवा पॅरिसला अशा खिडकीतून दिवसभर मऊ प्रकाश मिळतो. मुंबईत मात्र साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, म्हणून त्या काळात ढगाळ दिवस निवडावा किंवा खिडकीवर पातळ पांढरे कापड लावावे. एक्सपोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते) राखाडी पडद्यावरून मोजावे, कारण पांढऱ्या किंवा काळ्या वस्त्रावरून मोजल्यास कॅमेरा दोन्हींना राखाडी करू पाहतो. पैठणीसारख्या जरीच्या वस्त्रावर समोरून फ्लॅश मारला तर जर नुसती चमकते आणि वीण हरवते. बाजूच्या प्रकाशात पदराचे काम आणि निऱ्यांची खोली दोन्ही दिसतात.

मॉडेलची ठेवण हा या पद्धतीचा सर्वांत कठीण भाग आहे आणि अनुकरण करणारे बहुतेक जण साधी पार्श्वभूमी उचलून इथेच थांबतात. १९४८ च्या सुमारास पेन यांनी दोन उंच फळ्या जोडून अरुंद कोपरा तयार केला आणि लेखक ट्रुमन कपोटी, चित्रकार जॉर्जिया ओकीफ, कलावंत मार्सेल द्यूशाँ अशा नामवंतांना त्यात उभे केले. जागा इतकी आखडलेली असली की माणसाला नेहमीची ऐट आणता येत नाही. तो टेकतो, अंग चोरतो किंवा कोपरा अडवून उभा राहतो, आणि त्यातून त्याचा स्वभाव दिसू लागतो. माझ्या मते शिकणाऱ्याने पोशाखांकडे वळण्यापूर्वी हा कोपराच घरी उभारावा. त्यानंतर ‘बालेन्सियागाची बाही’ (बालेन्सियागा हे पॅरिसमधील पोशाख-रचनाकार) हे पेन यांचे १९५० चे छायाचित्र समोर ठेवून डोळे किंचित मिटून पाहावे: तपशील पुसट होतात आणि उरतो तो केवळ आकार. आपल्या मॉडेललाही असेच न्याहाळावे आणि आकार ठसठशीत होईपर्यंत हात, मान व खांदे बदलत राहावेत. पेन यांची पत्नी आणि आवडती मॉडेल लिसा फोन्साग्रिव्ह्स पूर्वी नृत्य करीत असे, त्यामुळे नृत्याची जाण असलेली व्यक्ती मिळाल्यास अवश्य निवडावी.

हाच पडदा आणि हाच प्रकाश कष्टकऱ्यांसाठीही वापरून पाहावा. पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्क येथे १९५०–५१ मध्ये पेन यांनी कारागीर व कामगारांची छायाचित्रे त्यांच्या कामाच्या कपड्यांत, हत्यारांसह काढली, आणि ती उच्चभ्रू पोशाखांइतकीच डौलदार आहेत. त्याआधी पेरूतील कुस्को येथे स्थानिक लोकांना बसवताना त्यांनी मोबदला दिला होता. आपणही तो द्यावा.

शेवटी छपाई. पेन यांनी १९६० च्या दशकात प्लॅटिनम छपाईची (कागदावर प्लॅटिनमच्या क्षारांचा लेप देऊन छायाचित्र छापण्याची) जुनी पद्धत पुन्हा हाती घेतली आणि एकाच कागदावर अनेकदा लेप देताना प्रतिमा सरकू नये म्हणून कागद ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवला. इतका खटाटोप शक्य नसेल तर चकचकीत कागद टाळून जाड, मॅट सुती कागदावर छापावे आणि काळ्या वस्त्रातील घड्या दिसेपर्यंत चाचणी-पट्ट्या (छायाचित्राच्या छोट्या भागाच्या नमुना-छपाया) काढत राहाव्यात.