फंक्शनमध्ये व्हेरिएबल रिकामं येतंय? स्कोपच्या या चुका टाळा

पीएचपीच्या फाइलीत वरच $दर = 10 लिहिलंय. खाली फंक्शनमध्ये तोच $दर वापरून गुणाकार केला, तर उत्तर येतं शून्य. स्पेलिंग बरोबर आहे, सर्व्हरही ठीक आहे. पीएचपीच्या फंक्शनला बाहेरची साधी व्हेरिएबल्स मुळात दिसतच नाहीत. व्हेरिएबल कुठून दिसतं आणि कुठून नाही, यालाच स्कोप म्हणतात. आतला $दर वेगळा, किंमत न दिलेला. तो नल (म्हणजे किंमतच नसलेला) धरला जातो. पीएचपी 8 पासून अशा वेळी ‘अनडिफाइन्ड व्हेरिएबल’ अशी वॉर्निंग येते, त्याआधी नुसती नोटीस यायची. एरर दाखवणं बंद असेल तर पानावर तीही दिसत नाही. म्हणून कोड उलटापालटा करण्याआधी टेस्ट सर्व्हरवर सगळे एरर दिसतील अशी सेटिंग करा.

जावास्क्रिप्टमध्ये उलटा कारभार. तिथे फंक्शनला बाहेरचं दिसतं आणि बदलताही येतं. दोन्ही भाषा एकाच प्रोजेक्टमध्ये लिहिणाऱ्यांचा गोंधळ होतो तो बहुतेक वेळा एकीची सवय दुसरीत नेल्यामुळे.

पीएचपीत यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे फंक्शनच्या आत ‘ग्लोबल $दर’ लिहिणं. चालतो, पण माझ्या मते तो शेवटचा पर्याय. $दर पॅरामीटर म्हणून (फंक्शनच्या कंसातून) पाठवा आणि उत्तर रिटर्न करा. मग किंमत कुठून आली हे फंक्शनच्या पहिल्या ओळीतच कळतं. ग्लोबल वापरलंच, तर हेही माहीत हवं: त्या ओळीने मूळ व्हेरिएबलचा फक्त रेफरन्स, म्हणजे त्याच किमतीकडे नेणारं दुसरं नाव, आत येतो. आत ‘अनसेट’ केलंत तर तो रेफरन्स तुटतो, बाहेरची किंमत जशीच्या तशी राहते. शिवाय हे ग्लोबल एका रिक्वेस्टपुरतंच. पुढचं पान उघडलं की सगळं नव्याने सुरू. किंमत टिकवायची असेल तर सेशन किंवा डेटाबेस.

सगळ्यात जास्त छळणारी चूक मात्र इन्क्लूडची, म्हणजे दुसरी फाइल कोडमध्ये जोडण्याची. फंक्शनच्या आत कॉन्फिग फाइल इन्क्लूड केली, की तिच्यातली व्हेरिएबल्स त्या फंक्शनची लोकल होतात, म्हणजे फक्त त्याच्या आतच दिसतात. त्यात ‘इन्क्लूड वन्स’ वापरलं असेल तर पहिल्या कॉलला सगळं सुरळीत चालतं आणि दुसऱ्या कॉलला व्हेरिएबल्स गायब, कारण फाइल पुन्हा लोड होतच नाही! एकेकटं फंक्शन तपासताना हा दोष सापडत नाही, म्हणून तो फार वेळ खातो. कॉन्फिग फाइलमधून अ‍ॅरे रिटर्न करा, तो एकदाच घ्या आणि लागेल तिथे पाठवा.

पीएचपीतल्या अनामिक (नाव नसलेल्या) फंक्शनलाही बाहेरचं हवं असेल तर ‘यूझ’ लागतं, आणि ते फंक्शन लिहिलं गेलं त्या क्षणाची किंमत घेतं. नंतर बाहेर केलेला बदल आत पोचत नाही. पीएचपी 7.4 मधल्या अ‍ॅरो फंक्शनला ‘यूझ’ लागत नाही, पण किंमत तिथेही कॉपीच होते.

आता जावास्क्रिप्ट. ‘लेट’ किंवा ‘कॉन्स्ट’ न लिहिता फंक्शनमध्ये थेट किंमत दिली, तर साध्या मोडमध्ये गुपचूप ग्लोबल व्हेरिएबल तयार होतं. मग एका फंक्शनमधला काउंटर दुसऱ्याचा काउंटर बिघडवतो. चुका कडकपणे पकडणारा स्ट्रिक्ट मोड लावा, तिथेच एरर मिळेल. दुसरा घोळ ‘व्हार’चा, म्हणजे व्हेरिएबल जाहीर करायच्या जुन्या पद्धतीचा: फंक्शनमध्ये खाली कुठेतरी ‘व्हार दर’ असेल, तर वरच्या ओळीतही बाहेरचा दर झाकला जातो आणि हाती ‘अनडिफाइन्ड’ येतं. 2015 मध्ये ‘लेट’ आणि ‘कॉन्स्ट’ आल्यानंतरच्या कोडमध्ये ‘व्हार’ वापरायला मला तरी कारण दिसत नाही. ‘लेट’च्या बाबतीत हीच चूक केली तर निदान स्पष्ट एरर येतो.

किंमत नेमकी कुठे हरवते हे बघायला फंक्शनच्या पहिल्या ओळीवर थांबा: पीएचपीत व्हार-डंप (व्हेरिएबलची किंमत छापणारं फंक्शन), ब्राउझरमध्ये ब्रेकपॉइंट (त्या ओळीवर कोड थांबवणारी खूण). ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या ‘स्कोप’ भागात लोकल आणि ग्लोबल वेगवेगळे दिसतात.

जावास्क्रिप्टची फाइल मॉड्यूल (स्वतःचा वेगळा स्कोप असलेली फाइल) केल्यावर बटणाच्या ‘ऑनक्लिक’मधलं फंक्शन अचानक सापडेनासं झालं, तर तेही स्कोपचंच प्रकरण. मॉड्यूलमधली नावं ग्लोबल होत नाहीत. एचटीएमएलमधलं ऑनक्लिक काढा आणि मॉड्यूलमध्येच ‘अ‍ॅड इव्हेंट लिसनर’ने बटण जोडा.